मधला रस्ता उघडा होता

कॅल्डर्स लँडिंग, ओहायो
मंगळवार, दुपार

प्रिय लाइल,

वेस सुखरूप आहे, हे आधी वाच. त्याला काही झालेलं नाही. शाळेच्या कोचचं पत्र बोटीवर आलं म्हटल्यावर बापाच्या मनात आधी काय येईल ते मला कळतं, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं.

अक्षर ओळखलंस का, ठाऊक नाही. चिखलातून कोंबडी चालत गेल्यासारखं गॉर्डी लिहितो, असं तूच म्हणायचास. एकोणतीस वर्षांत त्यात काही सुधारणा नाही. हे पत्र मी तुमच्या कंपनीच्या कचेरीत नेऊन देणार आहे. उद्या सकाळी तुमच्या टगबोटीला किराणा पोचवायला होडी निघते, तिच्याबरोबर ते तुझ्या हाती पडेल, असं तिथल्या बाई म्हणाल्या. फोनही करता आला असता. दोनदा नंबर फिरवला आणि दोनदा ठेवला. बोलताना माणसाला मध्येच थांबता येतं, आणि मी थांबलो असतो.

ऑगस्टमध्ये तुम्ही गावात परत आलात तेव्हा तुझी मॉरीन वेसला फुटबॉलच्या संघात घ्या म्हणून माझ्याकडे घेऊन आली. म्हणाली, लाइलला काही विचारू नका, तो हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. मी विचारलं नाही. सुट्टीचे चौदा दिवस तू घरी असायचास तेव्हा सरावाच्या वेळी कुंपणाबाहेर तुझा निळा ट्रक उभा दिसायचा, इंजिन चालूच. एकदा मी हात केला आणि तू गाडी मागे घेऊन निघून गेलास. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं.

पोराचा हात तुझाच आहे, लाइल. चेंडू हातातून सुटताना मनगटाला तोच झटका. पण हातापेक्षा त्याची नजर मोठी. चेंडू फेकणाऱ्या नव्या क्वार्टरबॅकला मी पहिला धडा एकच देतो, आपल्याला कोच ड्रेस्लरनी दिला होता तोच. चेंडू हातात आला की आधी समोरच्यांच्या मागच्या टोकाकडे बघ. तिथं राखणीला एकच गडी मधोमध उभा असेल तर मधला रस्ता बंद, चेंडू कडेनं टाक. दोघं असतील, आणि मैदान अर्धं अर्धं वाटून बाजूंना सरकत असतील, तर मधला रस्ता उघडा. पोरांना हे अंगवळणी पडायला वर्ष लागतं, कारण मागचे ते सेफ्टी लबाड असतात. एक दाखवतात आणि दुसरंच करतात. वेसला आठवडा लागला. पहिले तीन सामने आम्ही त्याच्या डोळ्यांवर जिंकलो.

मग ते बिनसलं. गेले चार सामने तो कडेला बघतच नाही. मागे एक असो की दोन, चेंडू मध्येच. सात वेळा समोरच्यांनी तो हिसकावला. मी ओरडलो, समजावलं, अर्धा सामना बाहेर बसवलं. तो मान खाली घालून ‘हो कोच’ म्हणतो, परत आत जातो आणि परत मध्येच टाकतो. आपला बाकी संघ त्याच्यावर चिडलाय. गावात लोक काय बोलतात ते तुला मी सांगायला नको. ‘चेंडू टाकतोस की माणूस?’ हे तुला म्हणायचे, आठवतं? गेल्या आठवड्यात बाकांवरून तेच कुणीतरी त्याच्यावर ओरडलं. माणूस आपल्याच वयाचा होता.

गेल्या शुक्रवारी चेंडू झेलणारा आमचा रिसीव्हर टॉबी मधून आडवा पळत होता. मागे एकच सेफ्टी होता, मधोमध, माझ्यासारख्या पन्नाशीला टेकलेल्या माणसालाही बाजूच्या रेषेवरून दिसत होता. वेसनं टाकला. टॉबीनं उंच चेंडूसाठी दोन्ही हात वर केले आणि तो सेफ्टी त्याच्या बरगड्यांत घुसला. टॉबी दोन मिनिटं उठला नाही. त्या दोन मिनिटांत माझ्या हातातला डावांचा कागद मी चुरगाळून त्याचा बोळा केला होता, ते मला नंतर दुसऱ्यानं दाखवलं. टॉबी उठला. बरगडीला मुका मार आहे, बाकी ठीक. पण वेस मैदानाच्या मध्ये उभा राहून टॉबीकडे नव्हे, माझ्याकडे बघत होता. येत्या शुक्रवारी बाद फेरीचा पहिला सामना आहे, आणि समोर जो सेफ्टी आहे त्यानं या मोसमात दोन पोरं स्ट्रेचरवरून घरी पाठवलीत.

वेस असं का करतोय हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते सांगायला मला मागे जावं लागेल. इथं थांबावंसं वाटतंय, म्हणून पुढचं एका दमात लिहितो.

एप्रिलमधला तो शनिवार. आपल्यातल्या आपल्यात खेळलेला सामना. तू आणि तुझा रिसीव्हर ऑगी एका बाजूला, मी दुसऱ्या. बाकांवर तीन कॉलेजांची माणसं वह्या घेऊन बसलेली. ती ऑगीला बघायला आली होती, थोडी तुलाही. मला बघायला कुणीच आलं नव्हतं. गावाला ठाऊक असलेली गोष्ट अशी, की मी मधोमध राखणीला होतो, मधला रस्ता बंद होता, तू पाहिलंच नाहीस आणि ऑगीला माझ्या तोंडी दिलंस. मानेतून खांद्यात उतरणाऱ्या त्याच्या नसा ताणून तुटल्या आणि डावा हात गेला. सगळ्यांनी हे मानलं. तूसुद्धा मानलंस.

लाइल, कोच ड्रेस्लरनी त्या डावाला आमच्या बाजूला दोन बोटं दाखवली होती. दोन सेफ्टी, अर्धं अर्धं मैदान. डावा अर्धा माझा होता. सुरुवातीला मी दोन पावलं तिकडे गेलोही, आणि तेवढ्यात तू माझ्याकडे पाहिलंस. तू जे पाहिलंस ते बरोबर होतं. पण चेंडू मध्ये आपल्याकडे येणार असला की ऑगी आधी हेल्मेटचा पट्टा दोनदा ओढायचा. त्यांच्या बेकरीमागच्या मोकळ्या जागेत लहानपणापासून खेळलो होतो, म्हणून ते मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाला कधी कळलं नव्हतं. त्यानं पट्टा ओढलेला मी पाहिला होता. तुझी नजर माझ्यावरून हटली तशी मी माझा अर्धा भाग सोडून मध्ये धावलो. मला चेंडू हिसकवायचा होता, बाकांवरच्या माणसांसमोर. ऑगीला दुखवायचं नव्हतं, हे खरं आहे. पण चेंडू हाताला लागणार नाही हे दिसल्यावरही मी वेग कमी केला नाही, हेही खरं आहे.

कोचनी सगळ्यांसमोर विचारलं, तुला काय दिसलं? मी म्हणालो, मूठ. मूठ म्हणजे एकच सेफ्टी, मधोमध. ते माझ्याकडे बघत राहिले. नंतर त्यांच्या खोलीत बोलावून, नेहमीसारखं आडनावानं, एवढंच म्हणाले, “मी काय दाखवलं ते मला ठाऊक आहे, वास्को. आता बोलून ऑगीचा हात परत येणार नाही.” तीन आठवड्यांनी कॉलेजचं पत्र मला आलं. फुकट शिक्षण, राहणं, जेवण. तू शेवटच्या वर्षी खेळला नाहीस आणि शाळा संपली त्याच महिन्यात नदीवर गेलास. मी शिकलो, मास्तर झालो, गावात परत आलो. कोच गेले तेव्हा त्यांची जागाही मलाच मिळाली.

रविवारी प्रार्थनेनंतर मी ऑगीकडे गेलो. बेकरी बंद होती. तो एकटाच सोमवारचं पीठ मळत होता, उजव्या हातानं, डाव्यानं नुसती परात धरून. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्याचं मळणं थांबलं नाही. माझं संपल्यावर म्हणाला, “मला माहीत होतं रे. मागे दोघं होते. नसते तर मी मध्ये थांबलोच नसतो.” मी विचारलं, मग बोलला कसा नाहीस? म्हणाला, “हात गेलाच होता. वर दोस्तही घालवायचा? आणि मला वाटायचं, लाइललाही माहीतच असणार. क्वार्टरबॅक तो होता.” मग पिठावर ओलं फडकं टाकलं आणि म्हणाला, “तो मला भेटायला एकदाही का आला नाही, तेवढं मला कधी समजलं नाही.”

तू स्वतःला दोषी समजत होतास म्हणून आला नाहीस, हे मी त्याला सांगितलं. तो खाली स्टुलावर बसला. मी पाणी आणून दिलं ते त्यानं घेतलं नाही. मी निघालो तेव्हाही तो तसाच बसून होता.

आता वेसचं. इथं मला सगळ्यात जास्त लाज वाटते. त्या शनिवारची टेप शाळेच्या कपाटात होती. गेली अकरा वर्षं मी ती दर सप्टेंबरला पोरांना दाखवतो, की बघा, मागे न पाहता चेंडू टाकला की काय होतं. नाव घेत नाही; पण या गावात नाव घ्यावं लागत नाही. का दाखवत होतो? बहुतेक, वर्षातून एकदा वीस पोरांनी माना डोलावल्या की ते मलाही खरं वाटायचं. यंदा ती लावू नये हे मला कळत होतं. पण थोरली पोरं मागेच लागली, कोच, ती टेप, ती टेप. नाही म्हटलं तर कुणाला संशय येईल, या भीतीनं मी तुझ्या मुलासमोर ती लावली. पोरं खिदळली. वेस हसला नाही, रडला नाही. म्हणाला, “कोच, मागे घ्या.” तीनदा मागे घ्यायला लावली. मग उठून पडद्यापाशी गेला. डाव्या कोपऱ्यात एक रिसीव्हर हात वर करून एकटाच पळत होता, त्याच्या आसपास कुणी नव्हतं. त्याच्यावर बोट ठेवून वेस म्हणाला, “याच्यावर कुणीच कसं नाही? हा अर्धा भाग त्या सेफ्टीचा होता. तो जागा सोडून आलाय.” कुणीतरी म्हणालं, बापाची बाजू घेतोय. सगळे हसले. त्यानं मला विचारलं, “तो सेफ्टी कोण होता, कोच?” सरावाचे बिननंबरी शर्ट होते, चेहरा दिसत नव्हता. मी म्हणालो, आठवत नाही. पुढच्या शुक्रवारपासून तो फक्त मध्ये टाकायला लागला. बापानं मध्ये टाकलं ते चुकलं नव्हतं, हे तो दर डावाला मला ऐकवत होता.

काल दुपारी मी त्याला वर्गात बोलावून सांगितलं, की तो मी होतो. त्यानं ऐकून घेतलं. “तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?” एवढंच विचारलं. त्याच दिवसापासून, मी म्हणालो. त्यानं हेल्मेट माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, “हे मला नका सांगू. बाबांना सांगा. त्यांना कळेपर्यंत मी तुमच्यासाठी खेळणार नाही.” म्हणून हे पत्र, लाइल. तो शुक्रवारी खेळावा म्हणून नाही. तो न खेळला तर मी जरा शांत झोपेन. त्यानं सांगितलं म्हणून लिहिलं. त्यानं सांगितलं नसतं तर लिहिलं असतं की नाही, ते मला माहीत नाही, आणि ते तुझ्यापासून लपवायचंही नाही. मुख्याध्यापकांना मी आज सकाळी सगळं सांगितलं. उद्या टेप पुन्हा त्याच पोरांना दाखवणार आहे आणि ऑगीचं, तुझं, माझं, तिघांचीही नावं घेणार आहे. त्यानंतर मला ठेवायचं की काढायचं ते शाळा ठरवील. गुरुवारी दहा वाजता तुमची बोट लागते तेव्हा ऑगी धक्क्यावर असणार आहे. वेसही शाळा बुडवून त्याच्याबरोबर येतोय, मी अडवलेलं नाही. ऑगी म्हणाला, तूही चल. मी म्हणालो, लाइलनं बोलावलं तरच. तेव्हा मी वर रस्त्यावर गाडीत बसलेला असेन. तू नुसता निघून गेलास तरी चालेल.

तुझाच,
गॉर्डी