आधी कोणी चालायचं

दादा,

हे पत्र काही मी टाकणार नाही. तिकडे तैझ शहरात चहाच्या टपरीवर तू माझ्या धाडसाच्या बढाया मारतोस, त्या आठवून आज मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भूसुरुंग काढलेलं शेत परत देताना आधी तुकडीच्या प्रमुखानं, म्हणजे मी, त्यातून चालायचं, तरच गाव विश्वास ठेवतं. वीतन् वीत मी स्वतः तपासली होती, तरी बांधावर माझा पाय उचलेना. सगळं गाव बघत होतं.

शेताची मालकीण, म्हातारी तकिया खेकसली, "सरक बाजूला! खांबासारखा काय उभा राहिलायस?" आणि शेळ्या हाकत थेट पलीकडे गेली. तिथून मलाच हात केला, "ये रे बाळा, घाबरू नकोस. जमीन साफ आहे."

गेलो, दादा. तिच्याच पावलांवर पाऊल ठेवून.

तुझा शूर भाऊ,
नशवान