सासूबाईंच्या पायांना ऐकू यावं म्हणून

३० जानेवारी, मंगळवार

ठरलं! कार्निव्हलच्या शनिवारचा नाच यंदा आमच्या दारात. गल्लीतल्या सगळ्यांचा होकार आला आणि सासूबाईंनी मान डोलावली. म्हणजे बातमी पक्की, छापायला हरकत नाही.

दोन वर्षं आमची गल्ली मुकीच होती. कोलंबियाच्या या बारांकियात अशी गल्ली म्हणजे नामुष्की! सगळे मागच्या गल्लीत जायचे, म्हाताऱ्या आरिस्तीदेसच्या भिंतीएवढ्या स्पीकरांपुढे. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून सासूबाईंना तिथवर चालवत नाही. एरवी हातात पेटत्या मेणबत्त्यांची जुडी घेऊन कुंबियाचा पहिला नाच त्यांचाच. म्हणाल्या, "परक्या दारात खुर्चीवर बसून टाळ्या नाही वाजवणार मी, जावईबापू. गाणं माझ्या दाराशी आलं तर नाचेन. नाहीतर मेणबत्त्या चर्चला देऊन टाका."

माझ्या बायकोच्या, यादिराच्या मामांचे कमरेएवढे लाकडी स्पीकर घरात पडूनच आहेत. प्रश्न एवढाच — त्यांना चालवायचं कशानं?

१ फेब्रुवारी, गुरुवार

घरात दोन पक्ष. यादिराला रिसिव्हर हवा. सगळं एकाच पेटीत, रेडिओसकट. टीव्हीही जोडता येतो. "कार्निव्हल चार दिवसांचा, घर वर्षभराचं," ती म्हणते.

मला वेगवेगळं हवं. आवाज नीट करणारी पेटी एक, आणि नुसता जोर देणारा अ‍ॅम्प्लिफायर दुसरा. जोर म्हणजे जोर! एक बिघडला तरी दुसरा शाबूत.

"आणि तारांचं जंगल कोण झाडणार? तुझे संपादक?"

२ फेब्रुवारी

स्वप्नात तारा. लाल आणि काळ्या.

४ फेब्रुवारी, रविवार

काल दुकानात दोन्ही ऐकले आणि यादिरा जिंकली. रिसिव्हर आणला. खरं सांगायचं तर आवाज फार गोड — गायकाचा श्वाससुद्धा ऐकू येतो! मी लगेच फितूर झालो.

आज सकाळी अंगणात परीक्षा. सासूबाईंचे कान अलीकडे मंद झालेत. त्या म्हणतात, मला पायांनी ऐकू येतं. चपला काढून फरशीवर उभ्या राहिल्या. डोळे मिटले. आम्ही दोघं निकालाला उभ्या पोरांसारखे.

"गोड आहे," म्हणाल्या. "पण पायांपर्यंत येत नाही. हे जेवताना लावायचं गाणं."

यादिराचा चेहरा पडला. दुकानदाराला फोन केला तर तो हसायलाच लागला — "अहो, त्याच्या मागे जागा ठेवलीय ना! तिथून तार काढा आणि वेगळा अ‍ॅम्प्लिफायर जोडा." म्हणजे आम्ही भांडलो ते उगाच! हेही हवं आणि तेही.

वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरला इथं कोणी अ‍ॅम्प्लिफायर म्हणत नाही, प्लांता म्हणतात. लगेच विल्फ्रीदोला फोन लावला. तो माझ्या लेकीचा धर्मपिता, म्हणून आम्ही एकमेकांचे कोम्पाद्रे. सरहद्दीजवळच्या मायकाओच्या स्वस्त बाजारात त्याची सारखी ये-जा. म्हटलं, "दणकट प्लांता आण. रात्रभर चालली तरी तापायला नको."

"कोम्पाद्रे, तू निवांत राहा. अख्खं घर चालेल अशी आणतो!"

घर चालेल? मी हसलो आणि फोन ठेवला.

८ फेब्रुवारी, गुरुवार

बेकरीत आरिस्तीदेस भेटला. सगळ्यांदेखत — "रिसिव्हर घेतलास म्हणे? दातांच्या डॉक्टरकडे वाट बघताना वाजतो, तोच ना?"

"शनिवारी ये ऐकायला."

"कशाला? माझी प्लांता लागली की तुझ्या खिडक्या माझ्याच तालावर नाचतात."

मी पाव उचलले आणि निघालो. आमची उद्या येतेय!

९ फेब्रुवारी, शुक्रवार

विल्फ्रीदोनं ट्रकमधून काय उतरवलं? जनरेटर!

दिवे गेल्यावर लावतात तो. त्यालाही इथं प्लांताच म्हणतात. वर्तमानपत्राच्या ऑफिसात दुसऱ्यांचा शब्द न् शब्द तपासतो, आणि स्वतःचा एक शब्द तसाच सोडला!

"प्लांता सांगितलीस, प्लांता आणली," विल्फ्रीदो तणतणला. "तापत नाही, घर चालवते. आणखी काय हवं तुला?"

"ती गाते का?"

"गुरगुरते तरी!"

यादिरा हसता हसता भिंतीला टेकली. मग आईकडे पाहिलं आणि थांबली. उद्या कार्निव्हल, आता दुसरी मिळणार कुठे? सासूबाई फक्त "असू दे" म्हणाल्या आणि मेणबत्त्या कपाटात ठेवून आल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१० फेब्रुवारी, शनिवार, दुपार

दिवे गेले! दोन्ही गल्ल्यांचे. उद्या सकाळपर्यंत येत नाहीत — वीज कंपनीनं सांगितलं, आणि तिथंच काम करणाऱ्या यादिराच्या चुलतभावानंही. दोन ठिकाणांहून पक्कं.

मागची गल्ली चिडीचूप. आमच्या परसात विल्फ्रीदोनं दोरी ओढली — गुरगुर! रिसिव्हरचा निळा दिवा लागला. विल्फ्रीदो छाती फुगवून माझ्याकडे बघतोय.

गाणं लावलंय. गोडच. सासूबाई खिडकीत बसून आहेत.

संध्याकाळ

दारात आरिस्तीदेस. खांद्यावर त्याची प्लांता, गाणारी. मागे त्याची सगळी गल्ली, आपापल्या खुर्च्या घेऊन.

"तार कुठे लावायची तेवढं सांग," म्हणाला. नजर जमिनीकडे.

यादिरा रिसिव्हरमागे गुडघ्यांवर बसलीय, तारांच्या जंगलात. सासूबाई अंगणात आल्यात, अनवाणी. मेणबत्त्या हातात. काडेपेटी मागतायत.