सीटमागची कमान

२ फेब्रुवारी
आज रेस ट्रॅकवर तपासनिसाने मला रांगेतून बाहेर काढलं. सगळ्यांदेखत. घरात या विषयावर मी बोलणार नाही आणि गप्पही बसवत नाही, म्हणून लिहायला घेतलं.

नियम नवा आहे. रोजच्या वापरातल्या गाड्यांना महिन्यातला एक रविवार ट्रॅक खुला असतो. आता उघड्या टपाच्या गाडीला रोल बार हवा. म्हणजे सीटमागे लोखंडी कमान. गाडी उलटली तर जमिनीला ती टेकते, डोकं नाही. मी म्हटलं, मी गाडी उलटवत नाही. तो म्हणाला, बाई, ठरवून कोणीच उलटवत नाही. मागे कोणीतरी हसलं. आवाज सुनेचा होता.

मागच्या महिन्यात वळणावर गाडी गोल फिरली, ती तिची ती फिरली. माझा त्यात सहभाग नव्हता.

संकल्प: शांत डोक्याने, अभ्यास करून कमान निवडणे. फिजिक्सची पदवी आहे, कधीतरी उपयोगी पडावी.

५ फेब्रुवारी
अभ्यास पूर्ण.

पूर्ण पिंजरा, म्हणजे डोक्याभोवती चहूबाजूंनी लोखंडी नळ्या: सर्वांत भक्कम. पण बाजारात जाताना डोक्यावर हेल्मेट नसतं. साध्या धक्क्यानेही कपाळ नळीवर आपटायचं. रस्त्यावरच्या गाडीला बाद. शिवाय आत शिरताना गुडघे कुरकुरतात. ते कारण नाही.

उंच कमान: टप बंद होत नाही.

बुटकी कमान: टप बंद होतो. दिसते सुबक.

सून म्हणाली, आई, उंचच घ्या, टपाचं काय एवढं, पावसात दुसरी गाडी काढू. मग हळूच, मलाही एकदा ट्रॅकवर चालवू द्याल ना? म्हटलं, आधी हात बसू दे. ती रोज ॲम्ब्युलन्स चालवते. ते वेगळं. तिथे लोक आपणहून बाजूला होतात.

८ फेब्रुवारी
मोजमाप. पद्धत अशी: कमानीच्या माथ्यापासून पुढच्या काचेच्या वरच्या कडेपर्यंत काठी धरायची. हेल्मेटसकट डोकं काठीखाली राहायला हवं. यांनी झाडूचा दांडा बुटक्या कमानीच्या उंचीवर धरला, मी हेल्मेट घालून बसले. डोकं आरामात खाली.

हे म्हणाले, आणि ती?
ती कोण, मी विचारलं.
काही नाही, म्हणाले.

रोख माझ्या पाठीच्या आधाराकडे होता. गाडी चालवताना मी पाठीला आधार घेते. तो पाठीला नसून खाली असतो, एवढंच. चार बोटं जाड, सीट कव्हरच्या आत जातो, त्यामुळे दिसत नाही. त्याच्याशिवाय मला बॉनेटच्या पलीकडचं दिसत नाही. हे फक्त यांना ठाऊक आहे आणि तेवढं पुरे. आज कव्हर धुवायला काढलं होतं, म्हणून आधारही बाहेर होता. मुद्दाम नाही.

११ फेब्रुवारी
गॅरेजवाल्याकडे. त्याला मी होयबा म्हणते. बुटकी बरी ना? होय मॅडम. उंच कमान जरा आडदांड दिसते, नाही का? होय मॅडम. जाणकार माणूस आहे. मग त्याने विचारलं, माप नेहमी बसता तसंच बसून घेतलंय ना?
होय, मी म्हणाले.

२० फेब्रुवारी
कमान बसली. बोल्ट पक्के, नळीला फोमचं वेष्टण. टप झकास बंद होतो. कव्हर, आधार, सगळं जागेवर घालून बसून पाहिलं. आरशात हेल्मेट कमानीच्या वर दिसतं. आरशांवर फार विसंबू नये.

दांडा परत धरू का, यांनी विचारलं. म्हटलं, एकदा मोजलेलं पुन्हा पुन्हा काय मोजायचं.

२७ फेब्रुवारी
आधाराशिवाय चालवून पाहिली. आकाश स्वच्छ होतं. शेजाऱ्यांनी कुंडी फाटकाच्या इतक्या बाहेर का ठेवावी, कळत नाही.

निर्णय: आधार तपासणीनंतर घालायचा. यात खोटं काही नाही. तपासणी गाडीची असते, माझी नव्हे.

२ मार्च, सकाळ
निघतो आहोत. आधार पिशवीत. छातीत धडधड, पण ती उत्साहाची.

२ मार्च, दुपार
लिहिणं भाग आहे.

तपासनिसाने काठी धरली, मान डोलावली, काचेवर स्टिकर चिकटवला. ट्रॅकवर जायच्या रांगेत पोचल्यावर मी उतरले, पिशवीतून आधार काढून कव्हरमध्ये सारला आणि पुन्हा बसले. तेवढ्यात हे प्रेक्षकांचा कठडा ओलांडून आले. आजवर कधी ओलांडला नव्हता. आवाज न चढवता म्हणाले, मी इथे तुला बघायला येतो, उचलायला नाही. मग एक हात माझ्या हेल्मेटवर ठेवला, दुसरा कमानीवर. हेल्मेटवरचा हात वर होता.

अगं, उलटली तर आधी तू, मग कमान, म्हणाले.

सून धावत आली. कव्हरचा फुगवटा बघून तिला सगळं समजलं. ती हसेल म्हणून मी तयारीत होते. हसली नाही. म्हणाली, आई, अशी माणसं मी रोज उचलून आणते.

तपासनीस आला, काय झालं म्हणाला. हे म्हणाले, गाडी गरम झालीय. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी खोटं बोलले आणि तेही धड नाही. इंजिन अजून सुरूच केलं नव्हतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्या माझ्याने बघवेनात. मी उतरले, कव्हरमध्ये हात घातला आणि ती वर धरून दाखवली. उशी आहे, म्हटलं. उशी हा शब्द मी तिच्यासाठी पहिल्यांदाच वापरला. मागच्या गाड्यांतले सगळे बघत होते.

तपासनिसाने पुढे वाकून नखाने स्टिकर सोलून काढला. बोलला असता तर बरं झालं असतं.

मग यांनी त्याला विचारलं, सुनेला जाऊ द्याल का? सून उभी राहिली की माझ्यापेक्षा हातभर उंच, बसली की जेमतेम दोन बोटं. तिची सगळी उंची पायांत आहे. सीट मागे सरकवली, काठी धरली, डोकं खाली. समोरचं सगळं दिसत होतं तिला. नवा स्टिकर लागला.

मी कठड्यावर बसून पाहिलं. दगड टोचत होता, म्हणून उशीवर. गाडी त्या वळणावर फिरली नाही. एकदाही नाही. गाडीत दोष नव्हता.

२ मार्च, संध्याकाळ
होयबाला फोन केला. ही काढून उंच कमान बसवता येईल? होय मॅडम. मग आधीच बजावायचं नाही का? होय मॅडम.

घरी कोणी विषय काढला नाही. सुनेने चहा केला, माझा कप आधी भरला. त्यानेच जास्त लाजल्यासारखं झालं.

आज सुपूर्द केलं ते असं. सुनेला: गाडीची किल्ली, हातमोजे, पुढच्या महिन्यातल्या रविवारची माझी पाळी. यांना: झाडूचा दांडा, पुन्हा मोजायला. शेजाऱ्यांना: नवी कुंडी.

उशी कोणी मागितली नाही.