तात्यांनी मागितलेली माफी

प्रिय करिश्मा,

तुझ्या बदलीची ऑर्डर निघाल्याचं कळलं आणि आई हातातलं पीठ तसंच घेऊन शेजारच्या तीन घरी सांगून आली. सोनारीची शाळा मिळाली, शिवाय राहायला तू आपल्या वसतिगृहातच येणार म्हटल्यावर तिला काय करू न् काय नको असं झालंय. तुझ्या खोलीला काल पांढरा रंग दिला. शिवराजनं खिडकीला जाळी बसवली. लग्नानंतर मी बार्शीला चार वर्षं राहिले, पण खरं सांगायचं तर इकडं शेतीवर परत यायची घाई माझ्यापेक्षा माझ्या नवऱ्याला, शिवराजलाच जास्त होती. तात्यांचा गुडघा आता साथ देत नाही. तरी सकाळी काठी टेकत टेकत मुलांच्या मोरीपर्यंत जातात आणि नळ नीट बंद केलाय का, हे बघून येतात. दसऱ्यापासून वसतिगृहात बावीस मुलांची नावं आलीत. स्वयंपाकाला इरम्मा आहेच. आई आता फक्त मीठ चाखते आणि नावं ठेवते.

तू आमच्याकडं आलीस तेव्हा आठ वर्षांची होतीस, त्यामुळं सुरुवातीचं तुला फारसं आठवत नसेल. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर शाळेतली निम्मी मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून गेली होती. शिवानंद गुरुजी तात्यांना म्हणाले की चैत्रात ही पोरं परत येतात तेव्हा बाराखडीसुद्धा विसरलेली असतात. तात्या स्वतः नववीपर्यंत शिकलेले, घरी बारा एकर ज्वारी-तूर. त्यांनी संस्था काढली नाही की सभा घेतली नाही. ट्रॅक्टर निघायच्या दिवशी सकाळी फाट्यावर जाऊन उभे राहिले आणि एकेका बापाला सांगत सुटले, पोरं माझ्याकडं ठेवा, माझ्या लेकीबरोबर जेवतील, शाळेत जातील. लोक हसले. कुणी म्हणालं, बलभीमला बैलं राखायला फुकटची पोरं पाहिजेत. फक्त तुझी आई, गजरामावशी, ट्रॅक्टरवरून खाली उतरली आणि तुझं बोचकं तात्यांच्या हातात दिलं. तुझे वडील, रामहरीकाका, रागानं दुसरीकडं बघत होते म्हणे.

पुढच्या वर्षी अकरा मुलं झाली, त्याच्या पुढच्या वर्षी सव्वीस. गोठ्याशेजारच्या सपरात तुम्ही झोपायचात. आई पहाटे चूल पेटवायची आणि शाळेची वेळ होईपर्यंत तिचा भाकरी थापणारा हात थांबायचा नाही. तात्या शेरडांची लव कापायच्या कात्रीनं सगळ्यांचे केस कापायचे, त्यामुळं आपल्या शाळेतली निम्मी पोरं एकसारखी दिसायची. रविवारी सगळ्यांना सोनारीला चालवत न्यायचे. आधी भैरवनाथाचं दर्शन, मग टेलिफोनच्या दुकानासमोर रांग. मुकादमाच्या मोबाइलवर आईचा आवाज आला की आठवडाभर बडबड करणारी पोरं मुकी व्हायची. तू मात्र भडाभडा बोलायचीस, आणि फोन ठेवल्यावर कोपऱ्यावर जाऊन रडायचीस. तुला वाटायचं कुणी बघत नाही. मी बघायचे.

मी बरंच काही बघायचे, करिश्मा. माझा निळा फ्रॉक तुला दिलेला बघायचे. संध्याकाळी तात्या ओट्यावर गणितं घालायचे, तेव्हा पहिला प्रश्न तुला विचारायचे, कारण तुझं उत्तर बरोबर यायचं आणि त्यांचा चेहरा खुलायचा. चौथीत असताना शाळेच्या गॅदरिंगला मी भाषण पाठ केलं होतं. तात्या येतो म्हणाले होते, पण त्या दिवशी कुणाचा तरी ताप वाढला आणि ते त्याला घेऊन परंड्याच्या दवाखान्यात गेले. मी स्टेजवरून रिकाम्या खुर्चीकडं बघत भाषण म्हटलं. घरात एवढी माणसं होती, पण माझा बाप मला एकटीला असा मिळतच नव्हता. हे तेव्हा कुणाला सांगायचं हे कळत नव्हतं. सांगितलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

पाचवीत आपण दोघींनी नवोदयचा फॉर्म भरला. सकाळी ज्वारीच्या राखणीला गेलं की तात्या गोफण बाजूला ठेवून बांधावर बसायचे आणि आपल्याकडून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायचे. तुझा नंबर लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. परीक्षेच्या दिवशी पत्र्याच्या पेटीत माझं हॉल तिकीट होतं आणि तुझं नव्हतं. सगळं घर पालथं घातलं. शेवटी तात्यांनी तुला तसंच परंड्याला नेलं. केंद्रावरच्या साहेबांनी ऐकून घेतलं, पण हॉल तिकिटाशिवाय बसवता येत नाही हा नियमच होता. मी आत पेपर सोडवत होते. खिडकीतून तुम्ही दोघं लिंबाखाली बसलेले दिसत होता. तू मातीत काडीनं काहीतरी लिहीत होतीस. मला एकही गणित सुटलं नाही.

तिकीट मी घेतलं होतं.

आदल्या दिवशी शाळेतून आल्यावर पेटीतून काढलं. फाडून टाकायचं ठरवलं होतं, पण त्यावरचा तुझा फोटो बघून फाडवेना. म्हणून वहीच्या पानात गुंडाळून गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीत खुपसून ठेवलं. तिसऱ्या दिवशी बैलांसाठी पेंढी ओढताना ते तात्यांच्या पायाशी पडलं. पानावर माझं अक्षर होतं. मी दारातच उभी होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, तिकीट खिशात घातलं आणि तुला हाक मारली.

पुढचं तुलाही आठवत असेल, पण तुला ते वेगळं आठवतंय. तात्या तुझ्यासमोर खाली बसले आणि हात जोडून म्हणाले, “करिश्मा, तिकीट माझ्यापाशीच होतं. कडबा काढताना खिशातनं पडलं असंल, म्या ध्यान दिलं न्हाय. मला माफ कर बाई.” अकरा वर्षांच्या मुलीपुढं माझा बाप हात जोडून बसला होता. तू घाबरलीस. त्यांचे हात खाली करत म्हणालीस, “असू द्या तात्या. तुमी का मुद्दाम केलं?” मी तिथून पळाले.

त्यांनी मला मारलं नाही, की आईलाही सांगितलं नाही. चार-पाच दिवसांनी मी पाण्याची घागर घेऊन शेतात गेले, तेव्हा पिकाला पाणी देत, दारं धरता धरता म्हणाले, “तुला बाप कमी पडला, ती चूक माझी. पर तिचं काय चुकलं व्हतं?” मी घागर बांधावर टेकवली. मग ते म्हणाले, “तिला सांगायचं का न्हाय, ते तुझं तू ठरव. म्या सांगणार न्हाय.” त्यानंतर ते दर बुधवारी मला एकटीला सायकलवर घेऊन तळ्यापर्यंत जायचे. काही विशेष बोलायचे नाहीत. मला ते फिरणं हवंहवंसं वाटायचं आणि लाजही वाटायची.

उन्हाळ्यात रामहरीकाका परत आले आणि म्हणाले, परीक्षा तर हुकली, आता पाचवी झाली तेवढी बास, पोरगी ऊस तोडायला कोयत्यावर चालंल. तात्या त्यांच्या दारात जाऊन बसले. एकदा नाही, पाच वेळा. पाचव्या वेळी मी बरोबर होते. तात्या म्हणाले, “रामहरी, पोरगी माझ्या चुकीनं मागं राहिली. आता तिच्या शिक्षणाचं माझ्याकडं लागलं. तुला न्हाय म्हणता येणार न्हाय.” काका उठले आणि तुझं दप्तर त्यांनीच आतून आणून दिलं. माझ्या चोरीचं ओझं तात्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं आणि त्याच्याच जोरावर तुला शाळेत ठेवलं. परंड्याचं हायस्कूल, तुझं डी.एड., नोकरीचा पहिला दिवस, प्रत्येक वेळी ते तुझ्याबरोबर होते. लोकांना वाटायचं, केवढं हे प्रेम. प्रेम होतंच. पण पहिल्या पगाराचे पेढे घेऊन तू आलीस आणि त्यांच्या पाया पडलीस, तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा गप्प राहिले.

परवा ऊसतोडीचे ट्रॅक्टर गेले. आता फाट्यावर कुणाला विनवावं लागत नाही, आईबापच मुलांचा हात धरून आणून सोडतात. तात्या खुर्चीवर बसून एकेकाला नाव विचारत होते. सगळे गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले की आता हे सगळं तुझ्या आणि करिश्माच्या हातात. मग जरा थांबून म्हणाले, “माझ्या खोट्यावर तुमी दोघींनी काम सुरू करू नका.” वीस वर्षांत त्यांनी हा विषय पहिल्यांदा काढला. म्हणून हे पत्र. मी फोनही करू शकले असते. पण फोनवर तू लगेच “असू दे” म्हणाली असतीस, मला माहीत आहे. तशी घाईतली माफी मला नको. तुला रागवायला वेळ मिळावा, पुन्हा पुन्हा वाचून रागवता यावं, म्हणून कागदावर लिहिलं. तू सोमवारी कुर्डुवाडीच्या गाडीनं येणार होतीस. मी फाट्यावर उभी असेन. त्या गाडीतून उतरली नाहीस तर पुढच्या गाडीची वाट बघेन. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, भांडायचं असेल तर घरी चल आणि भांड. आत बावीस मुलं तुझी वाट बघतायत, त्यांनी काही केलेलं नाही. राग आला असेल तर तो घेऊन ये, पण ये.

तू अजून म्हणू देशील तर तुझीच,
शिवांजली