जीप पाहून मांडलेली खुर्ची

यवतमाळ, रविवार, मार्च २००६

आज माझा दोस्त सुधाकरच्या फोर-व्हील-ड्राइव्ह जीपनं मारेगावकडच्या रानात जुनी गोंडांची गढी पाहाले गेलतो. नाल्याच्या रेतीतून जीप मस्त चढली. पळस नुसता पेटलेला. पण आता ते काहीच आठवत नाही, ती खुर्चीच डोळ्यांपुढून हटत नाही.

वाटेतल्या गावात रस्ता विचाराले थांबलो, तर एका घरातून बाई धावत आली. अंगणात प्लास्टिकची खुर्ची मांडली. हातात हार घातलेला नवऱ्याचा फोटो.

"बसा साहेब. मागच्या साहेबायले सारं सांगतलं, तरी पुन्हा सांगतो."

"बाई, आमी गढी पाहाले आलो," सुधाकर म्हणाला.

"जीप आली म्हणून वाटलं..." ती पदरानं फोटोची काच पुसत राह्यली.

या भागात जीप फक्त शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या चौकशीलेच येते, हे मले काहून सुचलं नाही? तरी गेलोच आम्ही गढीवर. बुरूज पाह्यला, फोटो काढले. कायले काढले?

दिवस मावळता परत त्याच गावातून आलो. खुर्ची अजून अंगणातच होती. अन् शेजारच्या दोन घरांपुढंही आता एकेक खुर्ची मांडलेली होती.