ओळीनंतरची मोकळी जागा

मंगळवार, दिवेलागण

आज एकदाचं जमलं. मी माइकसमोर क्लॅरिनेट वाजवतो आणि लॅपटॉप त्या सुरांचं तिथल्या तिथं मिडी, म्हणजे संगणकाला कळणारी सुरांची नोंद, करून ट्रम्पेटच्या आवाजात वाजवतो. लेकीने पुण्याहून फोनवर सगळं जोडून दिलं. पडद्यावर माझे सूर हिरव्या पट्ट्या होऊन सरकतात.

रेकॉर्डिंग पाठवलं तर ती म्हणाली, "बाबा, दर ओळीनंतर थांबताय कशाला? ती मोकळी जागा काढून टाका की."

थांबतोय हे मला कळलंच नव्हतं. वरातीत मी ओळ वाजवायचो आणि आमच्या बँडमधला बसूअण्णा तीच ओळ ट्रम्पेटवर परत द्यायचा. तीस वर्षं. मग त्याचे पुढचे दात पडले, फुंक टिकेना, तो अक्कलकोटला मुलाकडे गेला. जाताना म्हणाला, "आता एकटाच वाजीव. लई सोपं हाय." कसलं सोपं?

मोकळी जागा काढली नाही. आत्ता पुन्हा वाजवून बघितलं. आवाज थेट बसूअण्णाचा. पण तो माझ्याबरोबर वाजतो, माझ्यानंतर नाही. ओळ संपवून मी थांबलो. लॅपटॉपही थांबला. मी फुंकल्याशिवाय त्याच्याकडे बोलण्यासारखं काही नसतं.