हवालदाराला मी दिलेलं उत्तर

मुकुटबन,
१६ डिसेंबर २०२५

प्रिय अपेक्षा,

गेल्या मंगळवारी तुझा फोन मध्येच तुटला. रेंज गेली असं तुला वाटलं असेल. रेंज होती, मीच ठेवला. तू विचारलंस, "मोठेबाबा, त्या लोकायनं तुम्हाले काय देलं? खरं सांगा, मी कोणाले नाही सांगत." त्याचं उत्तर फोनवर देता येण्यासारखं नव्हतं. बारावीनंतर अर्ज सोडले तर मी काही लिहिलेलं नाही, त्यामुळे चुका होतील. पण हे पत्र तुझ्या बाबाबद्दल आहे, ते पूर्ण वाच. वाचल्यावर तू पुसदहून सुट्टीत या घरी येशील की नाही, याची मला खात्री नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर मी गोड बोलून गळाला लावलं असं व्हायला नको.

घरचं ठीक आहे. कापसाची दुसरी वेचणी झाली, तूर फुलावर आहे. मोठ्या आईचा गुडघा थंडीत दुखतो. ती दर रविवारी नऊच्या गाडीने वणीला आणि तिथून ऑटोने राजूरला प्रार्थनेला जाते, हे तुला माहीत आहे. यंदापासून मीही जातो, हे तुला गावातून कळलं. गावात काय चाललं आहे तेही मला माहीत आहे. रामधन दुकानात सर्वांसमोर म्हणतो, "नानाजी, आता तुमच्या घरी दिवाळी का नाताळ ते एकदा सांगून टाका. आम्हाले काय, लाडू दोन्हीकडले चालतीन." मी हसण्यावारी नेतो, पण वळलो की तिथलं बोलणं थांबतं. त्यांना वाटतं काहीतरी मिळालं असेल. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही हेच वाटलं असतं. किंबहुना गावाच्या आधी मलाच वाटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी मोठ्या आईचं पिशवीचं ऑपरेशन झालं, तेव्हा शेजारच्या खाटेवर राजूरची सरोजा नावाची बाई होती. तेलगू माणसं, नवरा राजय्या पूर्वी कोळशाच्या खाणीत होता. मोठ्या आईला हात वर करता येईना, तर ही बाई रोज सकाळी तिचे केस विंचरून द्यायची. तिथून ओळख. मी मनात म्हटलं, परकी बाई फुकटात केस विंचरत नाही. पुढे मोठी आई त्यांच्या प्रार्थनेला जाऊ लागली, तेव्हा मी सातबाराचा उतारा कपाटातून काढून ट्रंकेत ठेवला आणि किल्ली करदोट्याला बांधली. तिने ते पाहिलं.

खरं सांगायचं तर जमिनीची भीती ही दाखवायची होती. खरी भीती वेगळी होती. तुझ्या बाबाच्या मरणाबद्दल मोठ्या आईला एक गोष्ट माहीत आहे, असा मला आठ वर्षं संशय होता. तिने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. आता ती अनोळखी माणसांत बसून डोळे मिटून मोठ्याने बोलायला शिकत होती. तिथे तिच्या तोंडून ती गोष्ट बाहेर पडली तर?

म्हणून एका रविवारी मी तिच्या मागच्या गाडीने राजूरला गेलो. चर्च म्हणजे टिनाचं शेड आहे. मी मागच्या बाजूला, पत्र्याला कान लावून उभा राहिलो. एकेक जण उठून आपली अडचण सांगत होता. मग तिचा आवाज आला. "माह्या घरच्या माणसाले आठ वर्षांपासून अन्न गोड लागत नाही. त्यायच्यासाठी प्रार्थना करा." कोणीतरी विचारलं, त्यांना काय त्रास आहे. ती म्हणाली, "ते तेच सांगतीन."

म्हणजे तिला माहीत होतं. आणि तिने सांगितलं नाही. मला बरं वाटायला हवं होतं, पण मला तिचा राग आला. इतकी वर्षं ही बाई माझ्यासमोर ताट ठेवत होती आणि रोज मला पाहत होती.

तेवढ्यात राजय्या खुर्ची घ्यायला मागे आला. मी म्हटलं, बायकोला न्यायला आलो. तो म्हणाला, "मंग आत बसून वाट पाहा जी. उभ्यानं वाट पाहिली तर लवकर संपत नाही." मी दाराजवळ बसलो. त्या दिवशी तो स्वतःबद्दल बोलला. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याचा चार वर्षांचा मुलगा तापाने फणफणत होता. सरोजाने त्याला औषध आणायला पाठवलं. औषध घेऊन परत येताना तो दारूच्या दुकानात बसला, अंधार पडेपर्यंत बसला. औषध खिशात होतं. मुलगा गेला. घरी त्याने सांगितलं की औषधाचं दुकानच बंद होतं, आणि हे खोटं सहा वर्षं चाललं. हे सगळं तो तीस माणसांसमोर सांगत होता आणि सरोजा पहिल्या रांगेत एका लहान मुलीला फुटाणे सोलून देत होती.

माझा विश्वास बसला नाही. मला वाटलं, ही युक्ती आहे. स्वतःचं उघडं करून दाखवायचं, म्हणजे समोरचाही उघडा होतो. बाहेर आल्यावर मी चहाच्या टपरीवर चौकशी केली. चहावाला वैतागून म्हणाला, "खरं नाही तर काय! मीच त्याच्यासंग पीत बसलो होतो. आता दर महिना-दोन महिन्यानं तो सर्व्यायसमोर सांगते, अन् लोक इकडं माह्या तोंडाकडं पाहते. धंदा बसवला त्यानं माहा." मग पैसा कुठून येतो ते पाहिलं. राजय्या सायकली दुरुस्त करतो. शेडचा पत्रा दोन ठिकाणी गळतो, खाली पाणी धरायला गंज ठेवतात. एकदा मी सरळ विचारलं, तुम्हाला माझ्याकडून काय पाहिजे. त्याने विचार केला आणि म्हणाला, "खुर्च्या उचलून ठेवाले माणूस कमी पडते."

तरी मी जात राहिलो. पकडायला जात होतो, असं समज. त्यांनी दिलेलं पुस्तक मी पेन्सिल घेऊन वाचलं, जिथे लबाडी दिसेल तिथे खूण करायला. तिथे एका शिष्याची गोष्ट आहे. येशूला धरून नेलं तेव्हा हा बाहेर विस्तवाशी शेकत बसला होता. एका साध्या मोलकरणीने विचारलं, तूही त्याच्यासोबतचा ना? तो म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. तीनदा म्हणाला. मी पेन्सिल खाली ठेवली. त्याला काही मारहाण झाली नव्हती. नुसतं एका बाईने विचारलं होतं.

मलाही एकाने नुसतं विचारलं होतं.

त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती, तुला आठवत असेल, तू तिच्यात लपायचीस. बोंडअळी आवरत नव्हती. मी दोन औषधं आणि वरून टॉनिक एकाच ड्रममध्ये मिसळलं, आणि झाकणाचं माप धरायचं सोडून अंदाजाने ओतलं. दुकानदाराने दोन्ही एकत्र करू नका म्हणून सांगितलं होतं. सकाळी पहिले दोन पंप मी मारले. वारा तोंडावर येत होता आणि एवढ्या उंच कपाशीत फवारा वरून आपल्याच अंगावर पडतो. दुसरा पंप संपताना मला गरगरलं, डोळ्यांसमोर धुरकट झालं, तोंडाला लाळ सुटली. मला कळलं होतं, अपेक्षा. काय होतंय ते मला नीट कळलं होतं. मी बांधावर येऊन बसलो. तुझा बाबा, अमर, डबा घेऊन आला आणि म्हणाला, "काहून बसले भाऊ?" मी म्हटलं, पित्त झालं, उरलेलं तू मारून टाक. दोन एकर राहिलं होतं. कालवलेलं औषध वाया जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्याने तोंडाला रुमालसुद्धा बांधला नव्हता. माझा रुमाल माझ्या गळ्यात होता.

दुपारी तो कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासात पडलेला सापडला. यवतमाळला नेईपर्यंत तो बोलू शकत नव्हता. दवाखान्यात हवालदाराने कागद पुढे घेऊन विचारलं, "औषध प्यायला का?" आपल्या जिल्ह्यात अंगाला औषधाचा वास असलेला माणूस आणला की पहिला प्रश्न हाच असतो. मी नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, औषध कोणी कालवलं. मी मान हलवली. हो. एवढंच माझं उत्तर. संध्याकाळी घरी येऊन मी ड्रम विहिरीवर धुतला आणि दुसरी बाटली गोठ्यामागे पुरली. मोठी आई दारात उभी होती.

तिसऱ्या दिवशी अमर गेला. पुढच्या काही आठवड्यांत पेपरात बातम्या आल्या, जिल्ह्यात बऱ्याच जणांना फवारणीची बाधा झाली म्हणून. तेव्हा बोललो असतो तर सर्वांनी विश्वास ठेवला असता. मी पेपर घडी करून ठेवला. खरं सांगितलं असतं तर उपचार बदलला असता का, हे मी नंतर एका डॉक्टरला आडून विचारलं. तो म्हणाला, फारसा नाही. त्याने माझ्याकडे पाहून तसं सांगितलं, असा मला संशय आहे.

तू अकरा वर्षांची होतीस. तुझी आई आधीच गेलेली. बाप औषध पिऊन मेला, हे तुला शाळेत पोरांनी सांगितलं. मी तुला वाढवलं, फी भरली, पुसदला पोहोचवलं, आणि लोक म्हणाले नानाजीसारखा माणूस नाही. यंदा पितृपक्षात मी फोटोला घालायला हार तुझ्या हातात दिला, तर तू म्हणालीस, "ज्याले मी नको होती, त्याले मी हार काहून घालू?" आणि भाजी चिरायला आत गेलीस. मी तो हार घेऊन उभा राहिलो. तेव्हाही बोललो नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी सरोजाला विचारलं, तुम्ही नवऱ्याला माफ कसं केलं. ती म्हणाली, "एक दिवसात नाही केलं. अजून बी काही दिवस होत नाही. पण तो खोटं बोलत होता तवा माझा पोरगा बी गेला, नवरा बी गेला. आता एकच गेला." मग मी राजय्याला सगळं सांगितलं. मला वाटलं तो डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करेल आणि मोकळं वाटेल. त्याने हातातल्या चाकाच्या तारा ताणून घेतल्या. मग म्हणाला, "मले सांगून काय होते? मी त्या पोरीचा कोण?" मला त्याचा राग आला. पण त्याचं काही लपलेलं कारण आहे का, ते शोधूनही सापडलं नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्यांनी मला काय दिलं? त्या शिष्याच्या गोष्टीचा शेवट दिला. येशू मरणातून उठल्यावर त्याला भेटतो. मला वाटलं, आता हिशेब होईल. पण त्याने किनाऱ्यावर विस्तव करून मासे भाजून ठेवले होते, आणि म्हणाला, या, जेवा. त्यानंतर त्याला एकच विचारलं, तुझं माझ्यावर प्रेम आहे का. तीनदा विचारलं, तो दुखावेपर्यंत. म्हणजे विसरला नव्हता. सगळं माहीत असून जेवायला बोलावलं होतं. यात काही अट लपली असेल म्हणून मी ते पान किती वेळा वाचलं ते सांगत नाही. मला काही दिसलं नाही, आवाज आला नाही, आणि संशय घेण्याची माझी सवय अजून गेलेली नाही. पण असा एकजण आहे यावर माझा विश्वास बसला आहे. तो नसता तर हे पत्र लिहायला मी बसलो नसतो, आणखी आठ वर्षं गप्प राहिलो असतो.

नाताळच्या आधी तिथे काही जण बाप्तिस्मा घेणार आहेत. मोठी आई घेईल. मी माझा थांबवायला सांगितलं आहे. सोमवारी मी ठाण्यात जाऊन जबाब बदलून देणार आहे, तुझं उत्तर येवो न येवो. गावालाही कळेल. तू माफ कर असं मी म्हणत नाही, आणि तुझ्या मोठ्या आईवर राग धरू नको, तिने माझी वाट पाहिली इतकंच. मी लिहिलं ते एका गोष्टीसाठी, आणि ती मी तुझ्यापासून चोरून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात परत गेलो तेव्हा अमर थोडा वेळ शुद्धीवर आला होता. तिथे मी एकटाच होतो. त्याने मला काही दोष दिला नाही. नाकात नळी लावलेली होती, शब्द नीट फुटत नव्हते, पण त्याने मला दोनदा विचारलं, "अप्पूले शाळेतून आणलं का?" मी म्हटलं, आणलं. त्यावर तो म्हणाला, "मी उद्या जातो आणाले." तुझा बाबा तुला सोडून गेला नव्हता, पोरी. तो घरी यायला निघाला होता.

तू ठेवशील त्या नात्याने तुझाच,
नानाजी